पाणथळीला सोडलेली जागा

बायकोच्या, प्रयागबाईच्या, रक्षेवर लावलेलं तिसरं आंब्याचं रोप जळालं, ते रामहरीला महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी कळलं. आठवडाभर पानांच्या कडा तांबूस होत होत्या आणि आत वळत होत्या. पाणी कमी पडत असेल म्हणून त्यानं एक घागर वाढवली होती. त्या सकाळी शेंड्याची पानं हात लावताच गळून पडली. त्यानं नखानं साल टोचून बघितली. आत हिरवं काही नव्हतं.

आणलेली घागर त्यानं तरीही आळ्यात ओतली. पाणी जिरलं नाही. तसंच थांबून राहिलं आणि त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसायला लागलं, तसा तो बाजूला झाला.

रामहरीची चार एकर जमीन कळंबपासून तीन-चार किलोमीटरवर, निरा नदीच्या अंगाला. वरच्या बाजूला पाट, खालच्या बाजूला ओढा. त्याच्या लग्नाच्या वेळी ओढ्याकडेला लव्हाळ्याची एक बारीक रेघ होती, बाजेच्या रुंदीची. वर ऊस झाला, उसाला पाटाचं पाणी सुटलं, आणि ते पाणी जमिनीतून खाली उतरत खालच्या रानात मुरून बसलं. लव्हाळा रुंद झाला, त्याच्या मागून पाणकणीस आलं, आणि त्याच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात जमिनीवर पांढरं मीठ फुलायला लागलं. ओल आणि मीठ दोन्ही मिळून दरवर्षी काही पावलं वर चढत होती. आता खालचे वीस गुंठे त्यातच होते. त्या वीस गुंठ्यांच्या मधोमध रामहरीनं कमरेएवढा मातीचा बांध घालून एक चौक धरून ठेवला होता. रोप त्या चौकात होतं, आणि रोपाखाली प्रयागबाई.

तो रिकामी घागर घेऊन निघाला तर शेजारच्या रानातून सावळाराम येत होता. दोघं एका वयाचे, एका वर्गात चौथीपर्यंत शिकलेले.

"झालं का वैनीला पाणी पाजून?" सावळाराम म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला ते बरं वाटलं नाही. तो बांधावर टेकला आणि तंबाखू मळायला लागला.

"जळालं ते," रामहरी म्हणाला.

सावळारामानं रोपाकडं बघितलं. मग तंबाखूची चिमूट पुढं केली. रामहरीनं घेतली. मग सावळारामानं नेहमीचा विषय काढला, पण हळू आवाजात काढला. त्याच्या गोठ्याची भिंत कंबरेपर्यंत पोखरली होती. बोट लावलं की पिठासारखी गळत होती. रामहरीनं बांध घालायच्या आधी ओल सरळ वर येत होती, सगळ्यांच्या रानात सारखी. आता ती बांधाला धडकून बाजूला वळत होती आणि सावळारामाच्या गोठ्याखाली जात होती.

"म्हशी रातभर उभ्या ऱ्हात्यात," तो म्हणाला. "खाली वल हाय म्हून बसत न्हाईत. मी काय तुला बांध फोड म्हनत न्हाय. फकस्त सांगतोय."

"सांगितलंस न्हवं," रामहरी म्हणाला आणि निघाला.

घरी सुनेनं, स्वरूपानं, भाकरी वाढली. मुलगा इंद्रजित आधीच जेवायला बसला होता. रोप जळाल्याचं रामहरीनं सांगितलं तेव्हा इंद्रजितचा घास हातातच राहिला. थोड्या वेळानं तो म्हणाला की उद्या रोपवाटिकेतून चौथं आणू, या वेळी मोठं बघून आणू. मग त्यानं सोमवारच्या आखणीचा विषय काढला, तोही भाकरीकडं बघत.

ती आखणी दोन वर्षं चालली होती. विनया नावाच्या एक बाई बारामतीला माती-पाण्याचं काम करणाऱ्या संस्थेत होत्या. गावातले सगळे त्यांना मॅडम म्हणत. मारुतीच्या देवळात त्यांनी ओढ्याकडेच्या चौदा शेतकऱ्यांना बसवून सांगितलं होतं, की पाणथळ वर येणार हे धरूनच चाला. वर पाणी कमी करा, ठिबक करा, तरी साठलेलं पाणी वीस-पंचवीस वर्षं खाली येतच राहील. ते एकट्यानं अडवलं तर शेजाऱ्याच्या घरात निघेल. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून त्याला जागा द्या. पन्नास मीटरचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये न तुटता. त्या पट्ट्यात बांध नको, भिंत नको, ऊस नको. लव्हाळा येईल तो येऊ द्या, वरच्या कडेला पॅरा गवत लावा, जनावरांना वैरण होईल. पाणथळ सरकेल तसं आपण सरकायचं. कुणाच्या रानात किती वर्षांनी ती कुठं येईल, याचा नकाशाच त्यांनी देवळाच्या भिंतीला लावला होता.

तेरा जणांनी सह्या केल्या होत्या. चौदावं रान रामहरीचं, बरोबर मधलं.

"आबा, मी तुमाला सही करा म्हनत न्हाय," इंद्रजित म्हणाला. "आईनं तितंच ठेवा म्हनून सांगितलंय म्हणल्यावर इषय संपला. मी मॅडमला सांगतो, आमच्या रानाला वळसा घाला."

स्वरूपा चुलीपुढनं उठली आणि पाण्याचा तांब्या भरायला बाहेर गेली. तांब्या भरलेलाच होता.

रामहरी जेवला.

आईनं तसं सांगितलेलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी बारामतीच्या दवाखान्यात, शेवटच्या दिवशी दुपारी, इंद्रजित औषधं आणायला गेला होता. प्रयागबाईनं डोळे उघडले, रामहरीचं मनगट धरलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला नरसिंहपूरला सोडा. संगमावर. आन खालचं रान सोडून द्या आता. वर या." उद्या अमुक करा, परवा तमुक करा, असं ती रोज सांगायची तसंच तिनं ते सांगितलं. मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना रान फिरवून दाखवलं होतं ते प्रयागबाईनंच. आखणी तिला पटली होती. रामहरीला पटली नव्हती. खालचं रान त्याच्या बापानं दगड वेचून तयार केलेलं होतं.

सावडायच्या दिवशी नरसिंहपूरला जायला गाडी कुणाची घ्यायची हे बोलणं चाललं होतं. रामहरी भिंतीला टेकून बसला होता. "तिनं मला सांगितलंय," तो एकदम म्हणाला. "खालच्या रानात ठेवा म्हून." हल्ली पुष्कळ जण रक्षा रानात ठेवून वर झाड लावतात, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. इंद्रजित रडायला लागला.

असं का बोललो ते रामहरीला नंतर पुष्कळदा शोधावं लागलं. ती लांब जाऊ नये म्हणून, हे एक होतं. दुसरं असं, की त्याच आठवड्यात आखणीची माणसं येणार होती, आणि बायकोची रक्षा ठेवलेल्या जागेवरनं कुणी फक्कीची रेघ मारत नाही. या दोनातलं आधी कुठलं मनात आलं ते त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना तो खाली गेला, तर मिठावर पावलं उमटलेली होती.

अनवाणी, बाईची. मिठाचा पापुद्रा पातळ असतो, पाय पडला की फुटतो आणि खालची काळी ओल दिसते. पावलं ओढ्याकडनं वर आली होती, बांधाशी थांबली होती आणि परत ओढ्याकडं गेली होती. टाच खोल, बोटं फाकलेली. प्रयागबाईचं चालणं असंच होतं, सगळा भार टाचेवर. तिच्या टाचांना बारा महिने भेगा असायच्या. खालच्या रानात ती चप्पल काढून चालायची आणि एकाएकी थांबून म्हणायची, "हितपतूर आलंय बघा." मीठ डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या टाचेला झोंबायचं. त्या वेळी रामहरी हसायचा.

त्यानं चप्पल काढली आणि एका पावलाशेजारी स्वतःचं पाऊल ठेवलं. मग इकडंतिकडं बघितलं. पाणकणसात एक टिटवी ओरडत होती. बाकी कुणी नव्हतं. दुपारपर्यंत पावलांच्या कडा पांढऱ्या झाल्या आणि संध्याकाळी त्यांच्यावर नवा पापुद्रा धरला.

तो कुणाला बोलला नाही. त्यानं फावडं आणि घमेलं काढलं आणि बांध वाढवायला घेतला. वरच्या रानातली कोरडी माती खणायची, घमेलं डोक्यावर घ्यायचं, उतार उतरून यायचं, बांधावर टाकायचं, पायानं दाबायचं. वय बासष्ट. पहिल्या दिवशी पन्नास घमेली झाली, दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी तळहाताच्या घड्या चिरल्या आणि त्यात ओल गेली तेव्हा अशी आग झाली की घमेलं हातातनं सुटलं. तो उकिडवा बसला, हात छातीशी धरून. तिला हे बारा महिने होत होतं, एवढंच त्याच्या मनात आलं. मागं कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून त्यानं मान वळवली. रान मोकळं होतं. चौथ्या दिवशी त्यानं हाताला फडकी बांधली.

ती पावलं त्या आठवड्यात आणखी एकदा दिसली. या वेळी ती बांधाला वळसा घालून सावळारामाच्या हद्दीपर्यंत गेली होती. रामहरी त्यांच्यामागं हद्दीपर्यंत गेला आणि तिथून परत आला. त्या दिवशी त्यानं जळालेल्या रोपाला सहा घागरी घातल्या.

सोमवारी विनया मॅडम आल्या. पायात गमबूट, खांद्यावर लांब दांड्याचं गिरमिट, बरोबर दहा-बारा शेतकरी आणि फक्कीची पोती. पश्चिमेकडून रेघ मारत ते रामहरीच्या हद्दीशी आले आणि थांबले. इंद्रजित पुढं झाला, आमच्याकडं वळसा घ्या म्हणाला. मॅडमनी मान हलवली, वाद घातला नाही. फक्त त्यांनी रामहरीला विचारलं, की बांधाच्या आत एक भोक पाडून बघू का. रक्षेपासून लांब, कोपऱ्यात.

रामहरीला नको म्हणायचं होतं. पण एवढ्या लोकांत नको म्हणायला कारण सुचेना. "बघा," तो म्हणाला.

मॅडमनी आधी बांधाच्या बाहेर गिरमिट फिरवलं. भोकात पाइप उतरवला, काठी घालून बाहेर काढली. पाणी कंबरभर खोल होतं. मग त्या बांध चढून आत गेल्या. आत गिरमिट दोन वेढ्यांतच ओलं झालं. पाइपात पाणी वर आलं ते वीतभरावर येऊन थांबलं. त्यांनी बाटलीत थोडं पाणी घेतलं, त्यात यंत्राची कांडी बुडवली, आकडा वहीत लिहिला, आणि पुन्हा बुडवली.

"काका, इथं पाणी कोण देतं?"

"मीच."

"किती?"

"रोज चार घागरी. आदी ठिबक टाकलं व्हतं बोअरचं. मीठ खाली जावं म्हून."

मॅडम उकिडव्या बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. "मीठ खाली जायचं तर पाण्याला पुढं वाट लागते," त्या म्हणाल्या. "बांधानं ती वाट बंद झाली. तुम्ही ओतलं ते इथंच राहिलं. ऊन पाणी उचलून नेतं, मीठ ठेवतं. बोअरच्या पाण्यातही मीठ आहे, ते रोज भर घालतं. बाहेरच्यापेक्षा आत दुप्पट झालंय."

मागं कुणीतरी हसलं.

"हसू नका रं," सावळाराम म्हणाला.

रामहरीनं हाताची फडकी सोडायला घेतली, उगाच. "म्हंजी झाडं म्याच मारली?"

मॅडमनी वही मिटली. "बांध नसता तर दुसरं रोप कदाचित जगलं असतं. काही वर्षं."

लोक फक्कीची पोती घेऊन वळसा घालून पुढं गेले. इंद्रजित त्यांच्याबरोबर गेला. रामहरी बांधाच्या आत उभा राहिला. पाइपातलं पाणी हलत नव्हतं. एवढे दिवस तो जिला पाणी घालत होता, तिला मिठात बुडवत होता. ती ओरडली नसती. ती कधीच ओरडायची नाही. थांबायची, टाच उचलायची आणि सांगायची.

दुसऱ्या दिवशी तो झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला खाली गेला आणि बाभळीखाली बसून राहिला. फटफटलं तेव्हा ओढ्याकडनं बाई वर येताना दिसली. पदर खोचलेला, पाय अनवाणी, हातात काहीतरी. ती सावकाश चालत होती, एकेक पाऊल टाचेवर दाबत. हाक मारायला रामहरी बाभळीला धरून उठला. ती आणखी जवळ आली, आणि ती स्वरूपा होती.

ती त्याला बघून दचकली. हातातला दगड तिनं तसाच धरून ठेवला.

"मामा, तुमी?"

"काय करतीस हितं?"

तिनं मागं बोट दाखवलं. ओढ्याच्या कडेपासून वर, पाच-सात पावलांवर एकेक असे दगड ठेवलेले होते, हाताच्या ओंजळीएवढे. रामहरीनं ते कित्येक वर्षं बघितले होते. नांगराला लागलेले दगड कुणीतरी उचलून टाकलेत, असं त्याला वाटत आलं होतं.

"आत्या दर पाडव्याला एक ठेवायच्या," स्वरूपा म्हणाली. "टाच झोंबली का ठेवायचा. अकरा हायेत. मॅडमचा नकाशा त्यावरनंच झालाय. त्या गेल्यावर म्या चालू ठेवलं. आता लवकर सरकतंय म्हनून मधी मधी बघून जाती. ह्यो बारावा, ह्या खेपंला पाडव्याआदीच ठेवती. गेल्या पाडव्यापास्नं चौदा पावलं आलंय."

"मला का न्हाई सांगितलं?"

स्वरूपानं दगड खाली ठेवला. नीट बसवला, हलत नाही ना बघितलं. मग हात झाडत उभी राहिली. ती त्याच्याकडं न बघता बोलली.

"त्या दिवशी दवाखान्यात मी बी व्हते, मामा. भाईर बाकड्यावर. दार उघडं व्हतं."

उजेड आता चांगला पडला होता आणि सगळं खालचं रान पांढरं दिसत होतं, लांबपर्यंत.

"ह्यास्नी म्या काय बोलले न्हाय," ती म्हणाली. "बोलनार बी न्हाय. ते तुमचं तुमी बोला." आणि ती चप्पल हातात घेऊन चढावानं घराकडं गेली, म्हशीची धार काढायची होती.

त्या दिवशी रामहरीनं घागर उचलली नाही. कुदळ उचलली. बांधाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं, त्यानं पहिला घाव घातला. दाबून दाबून बसवलेली माती विटेसारखी झाली होती. हाताच्या चिरा उघडल्या. घाव घालायचा, थांबायचं, श्वास घ्यायचा. दहाच्या सुमाराला सावळाराम आला. स्वतःचं फावडं आणलं होतं, तो सुटलेली माती ओढायला लागला.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "म्हशी बसतील आता."

"लगीच न्हाई बसायच्या. वाळायला दिस लागतील."

"लागू दे की."

दुपारी बांधाला हातभर खाच पडली. आतलं पाणी आधी नुसतं झिरपलं, मग काळं, कुजका वास येणारं पाणी सावकाश बाहेर निघालं आणि लव्हाळ्याकडं गेलं. आवाज अजिबात झाला नाही. रामहरी आत गेला आणि जळालेलं रोप उपटलं. ते सहज निघालं. मुळं काळी पडली होती. मुळाला चिकटलेली माती त्यानं बोटानं चाचपून बघितली. ती नुसती माती होती. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली, प्रयागबाई मिठाचा अंदाज घ्यायला ठेवायची तशी, आणि थुंकली नाही.

संध्याकाळी त्यानं इंद्रजितकडं आखणीचा कागद मागितला आणि सही केली. इंद्रजितनं दोनदा विचारलं, आबा नक्की का. रामहरी नक्की म्हणाला. आणखी बोलायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण इंद्रजितनं वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि ते बोलणं आत राहिलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी देवळात बैठक झाली. सरपंच बापूसाहेबांनी सगळ्यांच्या समोर सांगितलं, की पट्टा आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग झाला, तो रामहरीरावांमुळं. माणसानं गावासाठी जमीन दिलेली आपण बघितली, पण बायकोची शेवटची इच्छा बाजूला ठेवणं सोपं नाही. त्यांनी रामहरीच्या गळ्यात हार घातला. टाळ्या वाजल्या. इंद्रजित उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आई असती तर तिला बी पटलं असतं." बायकांच्या बाजूला स्वरूपा सतरंजीचा दोरा ओढत बसली होती. रामहरीनं हात जोडले. हाराची फुलं मानेला टोचत होती. सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि बोलायचं असतं तर जागा तीच होती. तो हात जोडून खाली बसला.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात त्यानं सावळारामाच्या मदतीनं राहिलेला बांध सगळा ओढून काढला आणि वरच्या कडेला पॅरा गवताचे ठोंब लावले. बारावा दगड स्वरूपानं जिथं ठेवला तिथून वर अजून चाळीस पावलं जागा मोकळी होती. चौकाची खूण राहिली नाही. लव्हाळा त्या वर्षी तिथं पोचला नाही, पण पोचणार होता. एके दिवशी रामहरीनं त्या जागेवरची ओंजळभर माती तांब्यात भरली आणि नरसिंहपूरच्या एसटीची वेळ विचारून आला. कुठं निघाला म्हणून इंद्रजितनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, कुठं नाही, सहज विचारली.

तांब्या माळवदावर आहे. इंद्रजितला त्यानं अजून सांगितलेलं नाही.